प्रत्येक फोटोत आंटीजी

अलका : सकाळचे फोटो आणि आत्ताचे, मला तरी यात काडीचा फरक दिसत नाही हो.

श्रीरंग : नीट बघ. हा शेजारच्या जयंतरावांच्या लेन्सचा, ती कॅमेऱ्याच्याच कंपनीची. आणि हा माझ्या लेन्सचा, ती दुसऱ्या कंपनीची. खिडकीपाशी बघ, माझ्यात उजेड कसा फिस्कटलाय.

अलका : म्हणजे त्यांची चांगली. लागला निकाल.

श्रीरंग : असा कसा लागेल? त्यांची वजनाला केवढी आहे, गळ्यात अडकवली की मान दुखते. रोज पार्कात, बाजारात न्यायला माझीच बरी.

अलका : आपल्याला हॉलचे चार फोटो हवेत. हॉल काही पार्कात न्यायचा नाहीये.

श्रीरंग : माझी फोकस करताना जरा कुरकुरते, तेवढंच.

अलका : मग या घरात शोभते.

श्रीरंग : हस तू.

अलका : जयंतराव काल लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "वहिनी, सरांचं टेस्टिंग आरामात होऊ द्या." बिचारे. दिवाळीत दिलेली लेन्स, आता बाजारात मटार आले.

श्रीरंग : घाईत काढलेले फोटो पाठवायचे का मग?

अलका : पाठवलेत की तुम्ही काल. प्रॉपर्टी डीलरचा फोन आला होता, तुम्ही आंघोळीला होतात.

श्रीरंग : काय म्हणाला?

अलका : म्हणाला, फोटो बहुत सुंदर हैं. बस, हर फोटो में आंटीजी बैठी हैं, मटर छीलती हुई.

श्रीरंग : अगं, मध्यभागी सगळ्याच वाइड लेन्स चांगल्या असतात. खरी परीक्षा कोपऱ्यात. कोपऱ्यात काहीतरी नको का?

अलका : स्टूल ठेवायचं.

श्रीरंग : स्टुलावरून काय कळणार? तुझ्या साडीची बारीक चौकडी स्वच्छ दिसली, की लेन्स पास.

अलका : आणि कडेला बसून मी दुप्पट दिसते, ते?

श्रीरंग : ते दोन्ही लेन्समध्ये. त्यात कंपनीचा दोष नाही.

अलका : बरं झालं सांगितलंत. अहो, पण फ्लॅट विकायचा तर तो रिकामा दिसायला हवा. घेणाऱ्याला मी नकोय त्यात.

श्रीरंग : काढला होता एक रिकामा. तू भाजीला गेली होतीस तेव्हा.

अलका : मग तो का नाही पाठवला?

श्रीरंग : एवढा मोठा दिसत होता हॉल, आपला वाटेचना. पुसून टाकला.

अलका : पुण्याला यायला "हो" कोण म्हणालं होतं उल्काला? तुम्हीच ना?

श्रीरंग : म्हणालो. पोरीने एवढं तिच्याच सोसायटीत घर बघितलं, तू सारखी नातीचे व्हिडिओ बघत बसतेस. नाही कुठल्या तोंडाने म्हणू? पण मला नाही जायचं, अलका. नोकरीभर बदल्या केल्या. दिल्लीत, इथे द्वारकेत आलो तेव्हा वाटलं होतं, आता सामान बांधायचं नाही.

अलका : मला जायचंय. खरं तेच सांगते. नात माझ्यापाशी मोठी व्हावी असं फार वाटतं मला.

श्रीरंग : माहीत आहे. म्हणून तर बोललो नाही.

अलका : म्हणून दोन लेन्स घेऊन बसलात. महिनाभर मला कोपऱ्यात बसवून.

श्रीरंग : चिडलीस?

अलका : चिडले. उद्या जयंतरावांची लेन्स देऊन या आधी. लाज वाटते मला लिफ्टमध्ये.

(फोन वाजतो.)

श्रीरंग : उल्का असेल. डीलरचं काय झालं विचारेल.

अलका : द्या इकडे. उन्हाळ्यात दोन महिने येते म्हणून सांगते. तुम्ही राहा इथे, खिचडी करून खा.

श्रीरंग : आणि फ्लॅटचं काय सांगशील?

अलका : सांगते, बाबांची लेन्स अजून ठरली नाही.