तीन दसऱ्यांची फटफटी

मालेगावच्या स्टँडवर सुंदरबाई मंगरूळपीरच्या एसटीची वाट पाहत बसली होती. शेजारी एका नवरा-बायकोचं जुंपलं होतं. बाईच्या मांडीवर पिशवी, बाप्याचे हात ऑइलनं काळे, आणि लोकांची लाज दोघांनाही नाही.

"आठ दिस थांब वं, प्रयागा. फटफटीवर नेतो म्हनलं ना तुले माहेरी!"

"तीन वर्सं झाले हेच आयकून राह्यली. भावांसमोर शपथ घेतली तुमी, एसटीनं आननार नाही म्हनून. अन् मी येडी बसली घरात!"

"मामाची जुनी गाडी हाय ते. असं मशीन आता भेटत नाही."

"तीन दसरे तिले झेंडूचा हार घातला म्या. बैलं पोळ्याले गावभर फिरते तरी. हे तं गोठ्यातून हालत नाही!"

"सारं बसवलं. कारबोरेटरचा एक नट तेवढा सापडून नाही राह्यला."

"अन् तिकडं मायचे डोळे गेले. आता फटफटीवर नेलं तरी तिले दिसन काय?"

"आवाज तं आयकू येईन."

"पहिले निघू द्या आवाज!"

एसटी आली. प्रयागाबाई तरातरा चढली. सुंदरबाईनं सरकून तिला खिडकी दिली. खाली तो तसाच उभा.

गाडी हलली, तशी प्रयागाबाई खिडकीतून ओरडली, "तुमचा नट काल झाडतानी सापडला, देवाजवळच्या वाटीत ठेवला हाय, गोठ्यात धुंडत नका बसू! अन् मले घ्याले फटफटीवरच या, नाहीतं येऊच नका!"