हात मांडीखाली

भिंगरी: तसं नाही बाबा. हात मांडीखाली घ्या. दोन्ही.

बाबा: जन्मभर बस चालवली मी. आता गाडीत बसायचं कसं ते तू मला शिकवणार?

भिंगरी: चालवायला नाही, नुसतं बसायला सांगतेय. आणि तेच तुम्हाला जमत नाही. मघापासून तुमच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबताय.

बाबा: अगं, अजून गाडी सुरूसुद्धा झालेली नाही.

भिंगरी: तेच म्हणतेय मी!

बाबा: हसू नकोस. हेल्मेट घट्ट, पट्टा घट्ट. श्वास घ्यायचा कुठून माणसानं?

भिंगरी: घट्टच हवं ते. समोर बघा, सगळं मोकळं मैदान. माणूस नाही, कुत्रं नाही. कडेला जुन्या टायरांची रांग. ड्रिफ्ट, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळवणं, मी इथेच करते, रस्त्यावर कधीच नाही.

बाबा: आणि गाडीला सोसतं हे?

भिंगरी: हिला सोसतं. इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर, पुढची फक्त वळायला. म्हणून मागचं मुद्दाम घसरवता येतं आणि पुढच्यांनी सावरता येतं. टायर झिजतात, क्लच तापतो. ते मी दर वेळी तपासते.

बाबा: माझी बससुद्धा मागच्याच चाकांवर चालायची.

भिंगरी: मग तुम्हाला कळायला हवं.

बाबा: कळतंय म्हणूनच घाबरतोय. एकदा वळणावर तेल सांडलेलं होतं. बसचं मागचं सुटलं. माझ्या मागे माणसं ओरडत होती. कुणाला खरचटलं नाही, पण तेव्हापासून मागचं जरा सरकलं की माझ्या काळजाचं पाणी होतं. आणि तू ते हौसेनं करतेस.

भिंगरी: नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. आईला शब्द दिलाय मी. तुम्ही एकदा शेजारी बसायचं. धोक्याचं आहे म्हणालात तर माझी ड्रिफ्टची स्पर्धा रद्द आणि गाडी विकायची.

बाबा: घातलंत ना सगळं माझ्याच गळ्यात मायलेकींनी!

भिंगरी: आपल्या मधल्या हँडब्रेकला मात्र हात लावायचा नाही. काहीही झालं तरी.

बाबा: मी कशाला लावू? चल. काय व्हायचं ते होऊ दे.

भिंगरी: निघाले. दुसरा गिअर. आता वळवते, रेस देते, मागचं सुटेल बघा...

बाबा: सुटलं! अगं, सुटलं!

भिंगरी: मी सोडलंय, बाबा. धरलंयही मीच.

बाबा: आडवी झाली गाडी! टायर आले!

भिंगरी: नाही येत, वळतोय आपण. बाबा, हात! हँडब्रेक सोडा! सोडा!

(गाडी गरकन फिरून बंद पडते. बाहेर धूर.)

बाबा: लागलं का तुला?

भिंगरी: नाही. तुम्हाला?

बाबा: नाही. किती राहिलं होतं?

भिंगरी: तुमच्या बाजूचं दार उघडलंत तर टायरांना लागेल.

बाबा: मी ओढला?

भिंगरी: हो. मागची चाकं मी पायाने खेळवत होते. तुम्ही ती एकदम अडकवून टाकलीत. मग माझ्या हातात काही उरलं नाही.

बाबा: हात कधी निघाला ते कळलंच नाही गं. डोळ्यांसमोर बसच आली. अगं, गाडी परत सुरू का करत नाहीस?

भिंगरी: घाबरलेय.

बाबा: तू? तुला भीती वाटते?

भिंगरी: दर वेळी वाटते. म्हणून तर पट्टा दोनदा ओढून बघते. आज जास्त वाटली. शेजारी तुम्ही होतात.

बाबा: हं. गाडीत आपल्या भरवशावर कुणी बसलं की तसंच होतं.

भिंगरी: आईचा फोन. स्पीकरवर ठेवते.

आई: काय हो, झालं का? खरं सांगा. धोक्याचं आहे ना?

बाबा: आहे.

आई: बघा! मी सांगत नव्हते?

बाबा: आधी ऐक तरी. गाडी फिरली, टायरांवर आदळता आदळता राहिली. मी हँडब्रेक ओढला म्हणून. हिने बजावलं होतं, तरी ओढला.

आई: अगं बाई! लागलं नाही ना कुणाला?

बाबा: नाही. गाडी नीट होती, पोरगी नीट होती. माझंच काही खरं नव्हतं.

आई: मग मी काय समजू? विकायची की नाही?

बाबा: आत्ता नाही सांगत. मी अजून नीट बसलोच नाही. एकदा नीट बसतो, मग सांगतो.

आई: परत? अहो, पुरे झालं, घरी या दोघं!

बाबा: येतो. ठेव फोन.

भिंगरी: बाबा, खरंच परत? चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा.

बाबा: भीती वाटतेय. खूप वाटतेय. तू आधी तुझा पट्टा ओढून बघ. दोनदा.

भिंगरी: ओढला. आणि तुमचे हात?

बाबा: मांडीखाली.