मगन दिला ती आखाजी

काय म्हणालात, नर्सबाई? नाही, बसा, उठू नका – पण पुन्हा सांगा. गावातून पहिलं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं ते आमच्या यांनी? हिलाल चिंधा म्हणालात ना? हो, तेच, माझेच मालक. मला माहीतच होतं की! नवऱ्याचं बायकोला कळत नसेल का? चांगलंच केलं. मघाशी पारावर तुम्ही सांगत होतात – सगळ्या आशिया खंडात माणसं वाढली, देवी-पटकीनं जायची ती पोरं आता जगतात, खाणारी तोंडं झाली जास्त न् दाणा तेवढाच – ते बठ्ठं, सगळंच, पटतं हो मला. सासूबाईंना किती झाली, जगले दोघंच भाऊ. माझी तिन्ही जगली. मग पुरे की! आम्ही काय अडाणी आहोत?

कधी म्हणालात? कापूस वेचणीच्या दिवसांत? तोताराम, माझा थोरला, शाळेत जायला लागला त्याच साली? – नाही, तुमची चूक होतेय. दुसरं कोणी असेल. त्या थंडीत हे धुळ्याला गेले होते खरे, पण सरकी आणायला. आल्यावर अंग दुखतं म्हणून ओसरीत पडून राहिले. मीच शेक दिला... मीच दिला हो शेक.

म्हणजे आखाजी, तुमची अक्षय्य तृतीया, त्याच्यानंतर आली. कोणती काय विचारता? मगन दिला ती. माझा धाकटा. यांचे थोरले भाऊ दोंडाईच्याला असतात, त्यांना अन् प्रमिलाबाईंना, माझ्या जाऊबाईंना, मूल नाही – तर आखाजीला आले मागायला. मी नाहीच म्हणत होते. पोर अंगावर पीत होतं माझ्या! चुलीपुढं बसून रडत होते, तर हे आले, डोक्यावर हात ठेवला – कधी ठेवत नाहीत, त्या दिवशी ठेवला – अन् म्हणाले, "रडू नको वं, देव आखो देई." आणखी देईल देव! कळतंय का तुम्हाला, बाई? करून आले होते, अन् मला म्हणाले देव देईल. त्या शब्दावर मी पोर उचलून दिलं. दूध आटेना, तर पदर पिळत बसायचे गोठ्यात.

मग वाट बघितली. दर महिन्याला. सासूबाई म्हणायच्या, हिची कूस आटली, एक दिला तर देवानं हात आखडला. हे शेजारीच जेवायला बसलेले असायचे – मान वर नाही केली. देवपूरला एकवीरेच्या पाया पडायला अनवाणी गेले, तर हे सोबत आले. नारळ यांनीच फोडला, बाई. देवीसमोर!

ऑपरेशनचा राग नाही हो. विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, करा. पण मग मगनला सोडलं असतं का मी? भावाला शब्द दिला असणार आधीच, अन् मला गप्प बसवायला देव काढला. परवा आले होते सगळे. मगन दारात उभा राहून म्हणाला, "काकू, पाणी दे." दिलं. काकूनं पाणी दिलं.

नाही, तुम्ही नका समजावू. तुमचं काही चुकलं नाही. गाडी आली वाटतं – हो, आमचेच बैल. तुम्ही मागच्या दारानं जा. रडत नाहीये मी. जा म्हटलं ना, बाई!

...आलात? दमला असाल, बसा. एक विचारायचं होतं. सकाळची दोंडाईच्याची मोटार किती वाजता सुटते?