एक प्रतिवादी कमी

नाही नाही, गुरुजी, तुम्ही उठू नका. तो थांबेल. वकिलाचा कारकून आहे तो, कारकुनांना थांबायची सवय असते — काय हो, थांबता ना? बघा, मान हलवली. तुमचा नंबर आधी. आठवीत तुमच्या वर्गात होतो तेव्हापासून तुमचं आधी आणि माझं मग, ते आता या वयात कुठं उलटं करता? बसा. चहा सांगू? नको? बरं. कापड घट्ट होतंय का? डोक्याला हात लावतो हं, माफी असावी. हसताय काय? दिवसभर गिऱ्हाइकांची डोकी हातात धरतो, कोणाची म्हणून माफी मागत नाही, पण तुमचं डोकं समोर आलं की तोंडातून आपसूक निघतंच. जावानी माणसाची जीभ, डोकं पवित्र मानणारी, काय करणार. नेहमीसारखंच कापू ना? मागून बारीक, वर तसंच. कळलं.

आज बाजार गार आहे. म्हणजे कोर्टात आज सुनावण्या कमी, आणि कोर्ट गार तर या पैमिनची खुर्चीही गार. या भिंतीला आरसा टांगून, या झाडाखाली एवढी वर्षं काढली, गुरुजी, मला वाटायचं मला कायदा येतो. का नाही वाटणार? खुर्चीत बसला की प्रत्येक जण ओकतोच — भाऊबंदकी, बांध, घटस्फोट, अमक्यानं तमक्याची म्हैस विकली — आणि मी वर सल्ले द्यायचो! हे करा, ते करा, अपील करा. अहो, लोकं पैसे द्यायची हजामतीचे आणि सल्ला फुकट. पण दुसऱ्याची दाढी करणं वेगळं आणि स्वतःच्या गळ्यावर वस्तरा फिरवून घेणं वेगळं. आता कळतंय. दिवाणी म्हणजे काय असतं माहितेय? बेड्या नाहीत, पोलीस नाहीत, कोणी ओरडत नाही. नुसतं थांबायचं. थांबणाऱ्याची परीक्षा. ज्याच्याकडे वेळ जास्त तो पास.

नाही, मी आपलं सर्वसाधारण बोलतोय. तुमच्यावर काही नाही. तुमच्यावर कसं बोलेन मी? वर्षभर तुम्ही महिन्याच्या महिन्याला येताय, मी कापतोय, एक अक्षर तरी काढलं का मी शाळेचं? तुम्हीही काढलं नाहीत. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू — म्हणायचो, गुरुजी अजून माझ्याकडेच येतात. बायको, सुमियाती, घरी डोकं आपटायची, म्हणायची, पोरीला शाळेतून काढलं त्या माणसानं आणि तुम्ही त्याचे कल्ले सारखे करताय! मी म्हणायचो, काढलं संस्थेनं. गुरुजींनी नुसतं सांगितलं. डोळे मिटा, केस पडतील.

पण बोलायला हवं, गुरुजी. आज बोलायलाच हवं. कारण — सांगतो कारण. आधी हे ऐका. तुम्ही मला बोलावणं धाडलंत ना त्या दिवशी, मुख्याध्यापकांच्या खोलीत, तेव्हा मी काय घालून आलो होतो आठवतं? लग्नातला बाटिकचा शर्ट. का? मला वाटलं बक्षीस आहे. अंबर रसायनात पहिली आली होती ना, मला वाटलं गुरुजी बोलावतात म्हणजे पोरीचं कौतुक असणार. सुमियातीनं इस्त्री करून दिला. आणि तुम्ही स्वतःच्या हातानं चहा ओतलात, बशी पुढं केलीत, आणि म्हणालात — पैमिन, शाळा अंबरवतीला तिच्या आई-वडिलांना परत देत आहे. परत देत आहे! मला आधी कळलंच नाही. मला वाटलं लवकर सोडताय आज. घरी नेऊ का तिला आत्ताच, असं विचारलं मी. किती वेंधळा माणूस! आणि मग कळलं तेव्हा मी काय केलं? उठलो, वाकलो, तुमचा हात कपाळाला लावला आणि म्हणालो — आभारी आहे, गुरुजी.

आभारी आहे. पोरीला हाकलून दिलं आणि बाप म्हणतो आभारी आहे. दुसरं काय म्हणणार होतो? तुमच्या खोलीत मला दुसरा शब्द येतच नाही, तुम्हीच शिकवला नाही. आणि तोच शब्द, गुरुजी, संस्थेच्या वकिलानं कोर्टात उभा केला! म्हणाला, वडिलांनी निर्णय मान्य केला, साक्षीदारांसमक्ष आभार मानले. तुमचा शिपाई होता ना दारात, तो साक्षीदार. तीन न्यायाधीश वर बसलेले, मधल्या बाई मला विचारतात, आभार मानले होते का? मी म्हणालो, हो. आमची हेस्ती वकीलबाई — सोलोहून येते ती, फी घेत नाही, पोरगीच आहे, अंबरपेक्षा फार मोठी नसेल — तिनं कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर म्हणते, काका, म्हणायचं होतं की तो नुसता शिष्टाचार. मी म्हटलं, बाई, गुरुजींचे आभार मी शिष्टाचार म्हणून मानले असं कोर्टात सांगू? खोटं सांगू?

जरा डावीकडे वळा. हां. कानामागं फार वाढलेत आज, उशीर केलात.

हेस्तीनं पहिल्या दिवशीच समजावलं होतं. शाळेला नियम करता येतात, म्हणाली, शिक्षा देता येते, पण पोराचं ऐकून घ्यावं लागतं, घरच्यांना आधी कळवावं लागतं, ताकीद द्यावी लागते, आणि एकदम उचलून रस्त्यावर ठेवता येत नाही — दुसऱ्या शाळेची सोय व्हायला हवी. शिकणं हा पोराचा हक्क आहे, शाळेची मेहरबानी नाही. किती सोपं वाटतं ना ऐकायला! मी म्हटलं, मग आपण जिंकलोच. आणि अंबरनं केलं तरी काय होतं? शाळेच्या ग्रंथालयाचा हॉल संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतणीच्या लग्नाला दिला, पुस्तकांचे गठ्ठे रचून त्यावर भाताची पातेली ठेवली, तिनं फोननं टिपलं आणि टाकलं. खाली लिहिलं काय? 'आमच्याकडे पुस्तकं खूप उपयोगाची आहेत.' बस. तुम्हालाही हसू आलं होतं, गुरुजी. शिपायानंच सांगितलं मला. पण अध्यक्षांना नाही आलं हसू, त्याला काय करणार तुम्ही.

दुसरी शाळा म्हणाल तर — फिरलो की! सगळ्या फिरलो. प्रत्येक जण म्हणतो, हुशार मुलगी आहे, घेतो, पण जुन्या शाळेनं तिचं नाव सोडायला हवं. आणि जुनी शाळा म्हणते, प्रकरण कोर्टात आहे, नाव कसं सोडू? कोर्टात का आहे, तर शाळा घेत नाही म्हणून! म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझी पोर, दप्तर खुंटीला.

मग कोर्ट. दावा दाखल झाला, समन्स गेलं, पहिल्या तारखेला संस्थेचं कोणी नाही. दुसऱ्या तारखेला आले तर वकीलपत्रात चूक. मग तडजोडीची बोलणी — ती करावीच लागतात, त्याशिवाय गाडी पुढं जात नाही — एका खोलीत मी, हेस्ती, मध्यस्थ, आणि समोर संस्थेचा माणूस फोनवर फुटबॉल बघतोय. मध्यस्थ म्हणतो, मनं मोकळी करा. मी काय मोकळं करू? मी म्हणालो, माझी मुलगी माफी मागेल, तिला घ्या. तो फोनमधून मान वर न करता म्हणतो, विचारून सांगतो. अजून विचारतोयच. मग त्यांचं उत्तर, आमचं प्रत्युत्तर, त्याच्यावर त्यांचं पुन्हा उत्तर — दर वेळी एकच कागद जायचा आणि एक तारीख जायची. मग पुरावे. मग साक्षीदार. मी बाहेर येऊन हजामती करायचो, नाव पुकारलं की कात्री ठेवून आत पळायचो, अर्ध्या डोक्याची माणसं इथं खुर्चीत बसवून. गंमत वाटायची लोकांना.

आणि निकाल? जिंकलो का? नाही. हरलो का? तेही नाही! कोर्ट म्हणालं, दावा ऐकण्याजोगाच नाही. का, तर एक प्रतिवादी कमी. ज्यानं मुलीला परत दिलं, ज्याची सही आहे, तो मुख्याध्यापक दाव्यात कुठं आहे? नुसती संस्था आहे. माणूस कमी आहे. तो न आणता आम्ही कसं ठरवायचं त्यानं ताकीद दिली होती की नव्हती? संपलं. मुलीचं बरोबर की चूक, एक शब्द नाही. सगळं पहिल्यापासून.

हेस्तीनं नव्हतं का सांगितलं? घसा कोरडा केला तिनं. काका, मुख्याध्यापकांचं नाव घाला. मी म्हटलं, नाही. साक्षीदार म्हणून तरी बोलवू? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, अहो, तीन ताकिदी दिल्या म्हणतात संस्थेचे लोक, एकही दिलेली नाही, हे जगात एकाच माणसाला नक्की माहीत आहे, त्यालाच तुम्ही बाहेर ठेवताय! मी म्हटलं, बाई, तुम्ही शहरातल्या. ज्या माणसानं माझा हात धरून मला सही करायला शिकवली, त्याचं नाव मी 'विरुद्ध' या शब्दाखाली घालू? दर ईदला ज्याच्या गुडघ्याला कपाळ टेकून वर्षभराची माफी मागतो, त्याला कोर्टात खेचू? मला वाटलं... काय वाटलं सांगू? लाज वाटते सांगायला. मला वाटलं, मी तुमचं नाव राखतोय हे तुम्हाला दिसेल. एक दिवस या खुर्चीत बसाल आणि म्हणाल — पैमिन, सोमवारपासून पाठव तिला. दर महिन्याला कापड बांधताना वाटायचं, आज म्हणतील. कल्ले करताना वाटायचं, आत्ता म्हणतील. मग तुम्ही केस झटकून, 'येतो' म्हणून निघून जायचात.

तिच्या वर्गातली मुलं परीक्षेला बसली, गुरुजी. ही खिडकीत उभी राहून त्यांना जाताना बघत होती. गिरणीतून फॉर्म आणलाय तिनं. म्हणते, बाबा, एकदा तिकडं लागले की मग नका विचारू. रसायनात पहिली आलेली पोर, तिथं धागे मोजणार. मी काय करू? सांगा ना. मी मारू कोणाला? ओरडू? मला ओरडता तरी येतं का?

तर — ते कारण. नवा दावा घातलाय. सुमियातीनं नाव सांगितलं हेस्तीला. तुमचं. हुद्द्यासकट, पत्त्यासकट. मी सही करताना वर बघितलंच नाही, खाली बोट ठेवलं तिथं केली. अंबर म्हणाली, बाबा, ते माझेही गुरुजी आहेत, मला काय आनंद होतोय का? आता समन्स येईल, गुरुजी, तुमच्या घरी. कोर्टाचा माणूस येईल, शेजारी बघतील. मला वाटलं, त्याच्या आधी मी स्वतःच्या तोंडानं सांगावं, म्हणून हे सगळं... रागावलात?

काय?

आलं? कधी? परवाच? आणि तरी तुम्ही... पुलापर्यंत जाऊन दुसरा न्हावी बघायचा सोडून इथं? माझ्याकडे? मी मघापासून एवढं बडबडतोय आणि तुम्ही सगळं माहीत असून गप्प बसलात?

हो, बुधवारी. बुधवारीच आहे तारीख. त्यासाठी कापायला आलात. नीट कापू. हो. कोर्टात नीट दिसायला हवं, बरोबर आहे.

गुरुजी, एक विचारू? तिथं काय सांगणार? त्या तीन ताकिदींचं? मी विचारू नये, मला कळतं, पण — दिल्या होत्या का हो? मला तरी? मी वाचायला विसरलो असेन का?

वकिलांनी लिहून दिलंय. हां. तेच म्हणावं लागेल. संस्थेचा पगार, पेन्शन आता तोंडावर आलेलं... नाही नाही, तुम्ही कशाला सांगताय मला, मी समजू शकतो. समजतोच मी. मला दुसरं काय येतं?

थांबा, जरा थांबा. कात्री ठेवतो. पाणी पितो. नाही — नाही जमणार, गुरुजी, यापुढं कापायला. कापड सोडतो. उठा. पैसे नकोत, ठेवा ते खिशात, नको म्हणतोय ना! पुलापलीकडे एक जण बसतो, हात चांगला आहे त्याचा, त्याच्याकडे जा. आणि त्याला सांगा, डावी बाजू झालीय, उजवी राहिलीय.

जा, गुरुजी. ओ कारकून, या तुम्ही, बसा.