बिनकानांचा टोप

(कारापूर. पडवीत स्वयंपाकघरातला वजनकाटा मांडलेला; भोवती डोंगरयात्रेचे सामान.)

सुविधा : एक किलो आठशे! आबा, तुमचे हे पितळी तपेले घेतले तर मला तंबू घरी ठेवावा लागेल.

आबा : ने, असे मी म्हटले नाही. वजन तेवढे पाहून दे, म्हटले. सत्तेचाळीस वर्षे ते मला ठाऊक नव्हते.

सुविधा : म्हणजे? हेच घेऊन तुम्ही घाट चढला होतात ना, शिलालेख वाचायला?

आबा : मी वही आणि छत्री घेऊन चढलो. तपेले धाकूच्या पाठीवर होते.

सुविधा : प्रियाच्या आजोबांच्या? आणि हे आज सांगता! ती येईलच आता टोप घेऊन.

आबा : कसला टोप? परवापर्यंत तुझे टायटॅनियम चालले होते.

सुविधा : ते हलके, पण पातळ. भात तळाला करपतो. अॅल्युमिनियमला आच सगळीकडे सारखी लागते. चार दिवस, दोघी जणी, टोप एकच. मी तर दात घासायच्या ब्रशाचा दांडासुद्धा अर्धा कापला.

आबा : दात तेवढे पूर्ण ने.

प्रिया : मास्तर आजोबा, आहात का घरात?

आबा : ये, बाळ. वर येऊन बैस.

प्रिया : हा घे गं टोप. आणि चमचा, ही आमची कुलेर, एकच आणली; आळीपाळीने खाऊ.

सुविधा : ठेव काट्यावर. एकशे सत्तर! पण याला कान कसे नाहीत?

प्रिया : आजोने कापले, करवतीने. आजी अजून सांगते. घाटात जायच्या आदल्या दिवशी अंगणात बसून घाशीत होता. ती ओरडली, चांगला टोप मोडतोस कशाला? तर म्हणाला, ‘मास्तरांचा तपेला घेवचा आसा. आपला कायतरी हलका करूक होया.’

आबा : मला हे त्याने कधी सांगितले नाही.

प्रिया : तो कुठे काय सांगायचा! एवढेच, की तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस लागला, लाकडे भिजली, तुमच्या तपेल्यातले पाणी काही उकळेना. या टोपात मूठभर तांदळाची पेज झाली. पण मास्तरांना उपवास होता.

आबा : उपवास नव्हता, प्रिया.

प्रिया : ठाऊक होते त्याला. सकाळीच तुम्ही त्याच्यासमोर पोहे खाल्ले होते.

आबा : दुसऱ्याच्या भांड्यात शिजलेले मी खात नसे. त्यालाच मी आचार समजत होतो. पेजेची वाफ माझ्या तोंडावर येत होती, आणि मी त्याच्याकडे न पाहता ‘उपवास आहे’ म्हणालो. मग त्याने काय केले?

प्रिया : काय करणार? तुमचा वाटा झाकून ठेवला. भूक लागली तर मास्तर मागतील, म्हणाला. सकाळी निघताना ओतून टाकला.

आबा : आणि माझे तपेले घासून, कोरडे करून या पायरीवर आणून ठेवले. पुन्हा घाटात चल, असे मी म्हटले नाही, त्यानेही नाही. गेल्या वर्षी त्याच्या बाराव्याला तुमच्या घरी मुळगावात आलो, तेव्हा तुझ्या आजीपाशी तरी हे बोलावे, असे योजून आलो होतो. तिने चहा पुढे केला, आणि हात सवयीने ‘नको’ म्हणाला.

प्रिया : आजी म्हणाली, मास्तरांचे वय झाले, चहा सोसत नसेल.

आबा : असे म्हणाली?

सुविधा : आबा... बरे, मी शेगडी लावून पाहते हं. नवी आहे. पेजच करू या. गॅस किती लागतो तेही कळेल.

प्रिया : तांदूळ धुऊन घे. आणि झाकण ठेव, नाहीतर सगळी आच वाऱ्यावर जाईल.

सुविधा : शिकव मला! हे बघ, उकळलेसुद्धा.

आबा : दोघींचे भागून थोडी उरेल का?

सुविधा : तुम्हाला? आबा, आज एकादशी. आज तुमचा खरोखरच उपवास आहे.

प्रिया : मग राहू द्या हो, मास्तर आजोबा. तुमचा वाटा झाकून ठेवते. सकाळी खा.

आबा : झाकू नकोस, बाळ. ती कुलेर इकडे दे.