पाचांतलं रिकामं काडतूस

“ऑरव्हल आजोबा, गोळ्या घालून देहदंड देणाऱ्या पाच पोलिसांत तुम्ही होता म्हणे. कुणाची गोळी लागली ते कळू नये म्हणून एकाला बिनगोळीचं, रिकामं काडतूस देतात ना, ते तुमचंच होतं का हो?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून अमेरिकेतल्या युटा राज्यात आइस्क्रीमच्या रांगेत ब्रिनलीनं विचारून टाकलं.

“कुणाचं रिकामं, ते सांगत नाहीत, पोरी.”

“मग कळतच नाही?”

“हरणांच्या शिकारीला जाणाऱ्याला कळतं. खरं काडतूस खांद्याला दणका देतं.”

“तुम्हाला बसला?”

“अगं, कसला दणका!” शेजारी उभ्या त्यांच्या पत्नी व्हर्ला आजी मध्येच म्हणाल्या. “ऐन वेळी वकील कोर्टाचा आदेश घेऊन पोचला आणि शिक्षाच रद्द झाली. हे घरी येऊन ढसाढसा रडले, मग पातेलंभर बटाटे फस्त केले!”

“पातेलंभर नाही गं, अर्धंच.”

घरात शिरताशिरताच ब्रिनली ओरडली, “आई, बाबा, माझं पोलीस व्हायचं राहू दे! मी वकील होणार, वेळेवर पोचणारी!”