ती मुलगी पुस्तकातली आहे

नका, बाई, पोलिसांना फोन नका करू. आधी बसा — त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय मी सोडवून ठेवलाय — इकडे बसा. कुठली मुलगी हरवलेली नाही. म्हणजे हरवली आहे, पण ती मुलगी पुस्तकातली आहे. हो, जिन्यात आमच्या हिने तुमचा हात धरला, हिरवा स्वेटर, भुवईवर खूण, सगळं सांगितलं — तुम्ही घाबरणारच. समोर राहायला येऊन आठवडा नाही झाला तुम्हाला, आणि हे असलं कानावर आल्यावर कुणाचं चित्त थाऱ्यावर राहील? आत डोळा लागलाय तिचा. हळू बोलू या.

त्याचं काय आहे, सूनबाईने घरात चॅलेंज काढलं — महिन्याला एक पुस्तक. पाळीपाळीने एकाने सुचवायचं, सगळ्यांनी वाचायचं — मुलगा, सून, आमची मुलगी, जावई, नात, सुनेच्या मैत्रिणीसुद्धा — आणि शेवटच्या रविवारी मोबाइलवर तोंडं दाखवून त्यावर बोलायचं. मी सुतारमाणूस, शाळा लहानपणीच सुटलेली, मला माफी होती. पण हिची ऐट विचारू नका. शिक्षिका होती ना ही. जावई म्हणायचा, सासूबाईंच्या आधी मला बोलू द्या, नंतर आमच्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

मग हिने पुस्तकात घातलेली वाचनखूण हलेनाशी झाली. पुस्तक उघडून बसायची, पण पान तेच. थोडं विसरते, बाकी काही नाही — वय झालं की होतं. पण मुलगा बोलून बसलाय — आईचं काही कमीजास्त दिसलं तर मी येऊन तिला घेऊन जातो, बाबांनी ताईकडे राहायचं. वाईट नाही हो तो, त्याच्याकडे जागाच एका माणसापुरती आहे. पण ही तिकडे आणि मी भलतीकडे — कसं व्हायचं? नाही व्हायचं. म्हणून मीच वाचायला लागलो. फूटपट्टी ओळीखाली धरायची आणि सरकवत जायचं. वाचलेलं सकाळी चहाला हिला सांगायचं. गोष्ट म्हणून सांगितली तर दुपारपर्यंत पुसली जाते. पण 'अगं, कळलं का, त्या दुकानदाराच्या भावाने वाटणी मागितली' असं म्हटलं की राहतं. अक्षरं टिकत नाहीत तिच्यात, माणसांची काळजी टिकते. मागच्या महिन्यात अशी बोलली, सुनेची मैत्रीण म्हणाली, आजी तर त्या माणसांच्या शेजारी राहत असल्यासारख्या बोलतात. मोबाइल मी धरला होता.

या खेपेला पाळी नातीची. तिने सुचवलेल्या पुस्तकात आईशी भांडून घर सोडून गेलेली ही मुलगी. मी आपला वाचीन तसं सांगत गेलो, पुढचं मला तरी कुठे ठाऊक होतं? वाटलं, येईल घरी, गोष्टीत येतातच. ही रोज विचारते, आली का ती? दाराला कडी लावू देत नाही. तिच्या वाटणीचं जेवण झाकून ठेवते. आणि काल शेवट वाचला मी. येत नाही हो ती. तिची आई खिडकीची काच पुसत असते आणि पुस्तक संपतं. पुढचं पान चिकटलंय का म्हणून नखाने बघितलं मी.

परवा रविवार. शेवटाचं विचारणारच, मुलगा तर हल्ली मुद्दाम विचारतो. खरं सांगून टाकलं तर रविवार निभेल आमचा. पण ही बातमी हिला द्यायची कुणी? आणि एकदा देऊन भागणार आहे? काळजी तेवढी राहायची, उत्तर पुसलं जायचं — पुन्हा विचारणार, पुन्हा रडणार. काय म्हणालात? मला ओळखते की. न ओळखायला काय झालं? म्हणजे — संध्याकाळी म्हणते, 'मिस्त्री, आज पुष्कळ काम झालं, आता घरी जा, बायको वाट बघत असेल.' मग मी बाहेर जातो, जिन्यात जरा बसतो, आणि परत येतो. परत आलो की कधी ओळखते. हे कुठे बोलू नका, बाई. मला सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून.

थांबा — उठली वाटतं. नाही, जाऊ नका तुम्ही. ऐका माझं. मुलगी सापडली म्हणा. आईकडे पोचली, जेवली, झोपली, एवढंच. माझ्या तोंडावर खोटं दिसतं, तुमचं तिला कळायचं नाही. रविवारी ही तसंच बोलेल. सगळ्यांनी पुस्तक वाचलंय, मुलाला काय कळायचं ते कळेल. कळू दे.

ये गं. सावकाश ये, चप्पल घाल आधी. या समोरच्या बाई. मुद्दाम आल्यात — त्या मुलीचं काहीतरी कळलंय त्यांना.

सांगा, बाई.